सुई कोणाच्या हाती

१५ मार्च १९६८, शुक्रवारची रात्र. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एफएमच्या १०४.१ या स्थानी तोवर पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकू येत असे. त्या रात्री दहाच्या सुमारास तेथे ‘क्रीम’ या इंग्लिश रॉक-त्रयीचे ‘आय फील फ्री’ हे गाणे लागले. ते लावणाऱ्या जो रॉजर्स नावाच्या तरुणाने स्वतःसाठी ‘मिसिसिपी हॅरल्ड विल्सन’ असे विचित्र टोपणनाव घेतले होते. डब्ल्यूबीसीएन या केंद्राचा रॉक-अवतार सुरू झाला तो असा. तो संपला ऑगस्ट २००९ मध्ये. या एकेचाळीस वर्षांचा इतिहास बॉस्टनमध्ये अनेकांनी अनेकदा सांगितला आहे, आणि बहुतेक वेळा तो ‘काय दिवस होते ते!’ या सुरात सांगितला आहे. मला तो सूर टाळायचा आहे. त्या केंद्राच्या उत्तरायुष्याचा मी श्रोता होतो, माझ्यावर त्याचे ऋण आहे. पण ऋण मान्य करायचे म्हणून हिशेब करू नये असे थोडेच आहे?

हिशेबाची सुरुवात तंत्रज्ञानापासून करावी लागते. एडविन आर्मस्ट्राँग या अभियंत्याला एफएमचे पेटंट १९३३ साली मिळाले. मध्यम लहरींवरची खरखर नाही, आवाज स्वच्छ, आणि १९६१ पासून तर स्टिरिओही. तरीही साठच्या दशकात एफएम हे अमेरिकन नभोवाणीचे परसदारच राहिले. मोटारींतून एफएमचे संच क्वचित असत. जाहिरातदारांना तिकडे गिऱ्हाईक दिसत नसे. पुष्कळ कंपन्या आपल्या मध्यम लहरींवरच्या केंद्राचा कार्यक्रम जसाच्या तसा एफएमवरही सोडून देत आणि परवाना जिवंत ठेवत. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९६४ साली नियम केला, आणि तो १९६७ पासून प्रत्यक्ष लागू झाला, की मोठ्या शहरांत एफएम केंद्राने निदान निम्मा वेळ स्वतंत्र कार्यक्रम द्यायला हवा. एकाएकी रिकाम्या तासांचे मोठे रान मोकळे झाले. एप्रिल १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनह्यू यांनी केएमपीएक्स या केंद्रावर त्या रानात पहिले मोठे पीक घेतले. बॉस्टनमध्ये ते वर्षभराने आले.

बॉस्टनचे केंद्र एका वेगळ्या अर्थाने रिकामे होते. टी. मिचेल हेस्टिंग्ज यांनी १९५८ साली अभिजात संगीतासाठी ते उभारले; ‘बीसीएन’ ही अक्षरे ‘बॉस्टन कॉन्सर्ट नेटवर्क’ची. दहा वर्षांत ते कर्जात रुतले. त्याच शहरात रे रीपन नावाचे एक वकील ‘बॉस्टन टी पार्टी’ हे रॉक-संगीताचे सभागृह एका जुन्या प्रार्थनास्थळाच्या इमारतीत चालवत होते. त्यांनी प्रस्ताव मांडला: रात्रीचे तास तसेही वाया जातात, ते आम्हाला द्या. हेस्टिंग्ज यांना रॉक आवडत होते असे नव्हे, पण गमावण्यासारखे त्यांच्याकडे फारसे उरले नव्हते. काही महिन्यांतच दिवसाचे तासही रॉकने व्यापले. रात्रपाळी करणाऱ्यांत पीटर वुल्फ हा तरुण होता, जो पुढे ‘जे. गाइल्स बँड’चा गायक म्हणून गाजला.

येथे ‘निवेदक’ हा आपला शब्द अपुरा पडतो. मध्यम लहरींवरच्या लोकप्रिय केंद्रांत तीन मिनिटांच्या गाण्यांची ठरावीक यादी असे आणि निवेदक त्या यादीचा भालदार. नव्या केंद्रांत मात्र निवेदक कपाटापाशी जाई, स्वतः तबकडी काढी आणि स्वतः सुई ठेवी. एका गाण्यानंतर दुसरे कोणते, हा त्याचा निर्णय. तबकडीची अख्खी बाजू लावायची तर लावावी; ब्लूजनंतर जॅझ, जॅझनंतर रविशंकरांची सतार, आणि मध्येच एखादे भाषण. वाक्यात शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, तसा येथे गाण्यांच्या क्रमातून अर्थ घडवला जाई. केंद्राने स्वतःला ‘द अमेरिकन रेव्होल्यूशन’ म्हणवून घेतले. बॉस्टनसारख्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या माहेरघरी हे नाव एकाच वेळी चावट आणि गंभीर होते.

मी तेथे पोहोचलो १९८६ मध्ये, शिकायला. ही ‘क्रांती’ तोवर पोक्त झाली होती. सांगलीसारख्या गावातून गेलेल्या माझ्या पिढीला रेडिओ नवा नव्हता. सांगली केंद्राचे बाजारभाव, ‘आपली आवड’, विविध भारती, आणि आकाश स्वच्छ असेल तेव्हा सिलोन. पण रेडिओ म्हणजे आपल्याहून उंचावरून येणारा, नीटनेटका, प्रमाण उच्चारांचा आवाज, हा संस्कार पक्का होता. तो आवाज सरकारचा होता आणि सरकारला आपल्या अभिरुचीची काळजी होती. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. श्रोते निमूटपणे सिलोनकडे वळले, अमीन सायानींच्या गीतमालेत रमले, आणि शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. ही गोष्ट मी बॉस्टनमधल्या मित्रांना सांगे तेव्हा ते हसत. मंत्र्याने ठरवलेली यादी त्यांना हास्यास्पद वाटे. व्यापाऱ्याने ठरवलेली यादी हास्यास्पद का वाटत नाही, हा प्रश्न मात्र त्यांना पडत नसे. बीसीएनचे वेगळेपण मला कळले ते याच फटीतून. ती यादी मंत्र्याची नव्हती आणि, निदान आरंभीची काही वर्षे, व्यापाऱ्याचीही नव्हती.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यातली एक रात्र. प्रयोगशाळेत मी एकटा, बाहेर बर्फ, आणि शेवटची गाडी धावते आहे की नाही याचा पत्ता नाही. विद्यापीठाचा दूरध्वनी कोणी उचलेना. टेबलावरच्या रेडिओवर बीसीएन चालू होते, म्हणून धीर करून केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने कुठे जायचे आहे ते विचारले, थांबायला सांगितले, कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली की गाडी आहे, पण आत्ताच नीघ. मग सहज विचारले, तुला काय ऐकायचे आहे? मला एकाही वाद्यवृंदाचे नाव धड ठाऊक नव्हते. मी म्हटले, मघाशी जे लागले होते ते. ती हसली आणि मला त्या गाण्याचे नाव सांगितले. गाणे पुन्हा लागले की नाही ते मला कळले नाही, कारण मी गाडीकडे धावत होतो. त्या शहरात कोणी मला काय ऐकायचे आहे असे विचारण्याची ती पहिली वेळ. एरवी माझ्या उच्चारांमुळे मलाच तीच गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागे.

हा योगायोग नव्हता, ती त्या केंद्राची जुनी चाल होती हे पुढे समजले. १९७० च्या आसपास केंद्राने ‘लिसनर लाइन’ नावाची सोय सुरू केली. हरवलेल्या कुत्र्या-मांजरांपासून ते दुसऱ्या गावी जाणाऱ्या मोटारीत जागा मिळवण्यापर्यंत लोक काहीही विचारत. त्याच वर्षी डॅनी शेक्टर तेथे बातम्या देऊ लागले. ‘न्यूज डिसेक्टर’, म्हणजे बातमीचे शवविच्छेदन करणारा, असे त्यांचे बिरुद होते. व्हिएतनामचे युद्ध चालू होते, आणि ज्या वयाच्या मुलांना त्यासाठी बोलावणे येत होते तीच मुले हे केंद्र ऐकत होती. बातमीनंतर कोणते गाणे लागते तेही भाष्य ठरे. पुढे ऐंशीच्या दशकात सकाळच्या ‘बिग मॅट्रेस’ या धमाल कार्यक्रमाचे चार्ल्स लॅक्विडारा यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या शेल कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. व्यापारी केंद्रावरून एका बलाढ्य तेल कंपनीविरुद्ध! भारतात खाजगी एफएम केंद्रे २००१ पासून आली, पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. आपल्याकडची ही केंद्रे ऐकताना मला नेहमी हे अर्धांग जाणवते. शहराबद्दल ज्याला काही सांगता येत नाही, असा ‘स्थानिक’ रेडिओ म्हणजे चोवीस तास चालणारे मंगल कार्यालय.

आता हिशेबाची दुसरी बाजू. क्रांतीचे नाव घेणारे हे केंद्र पहिल्या दिवसापासून धंदा होते. स्टिरिओची दुकाने, तबकड्यांच्या कंपन्या आणि कपड्यांची दालने यांच्या जाहिरातींवर ते जगले. तेथे जे स्वातंत्र्य होते ते कोणा मालकाच्या उदारपणातून आलेले नव्हते. त्या कंप्रतेला बाजारात किंमत नव्हती म्हणून ते होते. कर्मचाऱ्यांना याची जाण असावी, कारण १९७१ साली त्यांनी युनायटेड इलेक्ट्रिकल वर्कर्स या कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटनेचे सदस्यत्व घेतले. लांब केसांचे निवेदक आणि विजेची यंत्रे जोडणारे कामगार एकाच संघटनेत, हे दृश्य गमतीचे खरे. पण पुढे तेच कामी आले.

सत्तरचे दशक सरता सरता अमेरिकेत एफएमचे श्रोते मध्यम लहरींपेक्षा अधिक झाले. परसदाराचा दर्शनी दरवाजा झाला, आणि बरोबर त्याच वेळी, फेब्रुवारी १९७९ मध्ये, केंद्र हेमिस्फिअर ब्रॉडकास्टिंग या कंपनीच्या ताब्यात गेले. नव्या मालकांनी येताच एकोणीस जणांना कामावरून काढले आणि संघटनेला मान्यता नाकारली. उरलेले सहकारी आत बसून राहिले नाहीत. प्रुडेन्शियल टॉवरच्या पन्नासाव्या मजल्यावर बदली निवेदक गाणी लावत होते आणि पायथ्याशी, बॉस्टनच्या फेब्रुवारीत, शहराच्या ओळखीचे आवाज फलक घेऊन उभे होते. स्थानिक वाद्यवृंदांनी त्यांच्यासाठी मदतीचे कार्यक्रम केले. निर्णायक गोष्ट घडली ती वेगळीच: एकेक करून जाहिरातदारांनी जाहिराती काढून घेतल्या. सुमारे तीन आठवड्यांत मालकांनी हात टेकले आणि काढलेले सगळे परत आले.

अमेरिकेच्या नभोवाणीत असे यश दुर्मिळ आहे, आणि या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान मला हेच वाटते. श्रोत्यांनी केंद्र ‘आपले’ मानणे ही केवळ भावना असते तर ती तीन आठवडे टिकली नसती. दुकानदाराला ठाऊक होते की या आवाजांविना या केंद्रावर जाहिरात दिली तर गिऱ्हाईक आपल्यावर रुसेल. केंद्र व्यापारी होते म्हणूनच ते वाचले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दुकानदार, श्रोता आणि निवेदक तिघेही एकाच गावचे, एकाच बर्फातून चालणारे. बाजार हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक आठवड्याच्या बाजाराचा, जेथे विकणारा आणि घेणारा एकमेकांचे तोंड बघतात, दुसरा समभागांचा. १९७९ चा संप पहिल्या बाजाराने जिंकून दिला. मालक कंपनी मात्र पुढे ‘इन्फिनिटी’ नावाने दुसऱ्या बाजारात वाढत गेली.

संपानंतरची वर्षे उतरणीची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. ईडिपस हे टोपणनाव घेतलेला निवेदक, ज्याने शहराला पंक संगीताची ओळख करून दिली होती, १९८१ मध्ये कार्यक्रम-प्रमुख झाला. मॅक्सॅन सार्टोरी यांनी १९७७ मध्ये ‘द कार्स’ या स्थानिक वाद्यवृंदाची अप्रकाशित फीत लावून त्याचे नशीब उघडले होते. ती परंपरा चालू राहिली. १९७९ पासून ‘रॉक अँड रोल रम्बल’ या स्पर्धेत गावातले वाद्यवृंद दरसाल झुंजू लागले. यूटू हे आयरिश नाव अमेरिकेत अपरिचित होते तेव्हा या केंद्राने ते उचलून धरले. पण सुई आता निवेदकाच्या हातून सरकली होती. कोणते गाणे दिवसातून किती वेळा, हे कार्यक्रम-प्रमुखाच्या खोलीत ठरू लागले. तो माणूस जाणता होता, गावातला होता, रात्री क्लबांत जाऊन ऐकणारा होता, म्हणून बदल बोचला नाही. हस्तांतर नेहमी प्रथम चांगल्या माणसाकडेच होते.

आणि ‘गाव’ म्हणताना कोणाचे गाव, हेही विचारलेच पाहिजे. बॉस्टन हे १९७४ मध्ये शाळांतल्या वांशिक विभाजनाच्या प्रश्नावरून रस्त्यावर दगडफेक पाहिलेले शहर. आरंभीच्या मुक्त काळात ब्लूज आणि सोल रॉकच्या मांडीला मांडी लावून बसत. जसजसा ‘रॉक केंद्र’ हा साचा घट्ट झाला, तसतसे देशभर कृष्णवर्णीय गायक त्या साच्याबाहेर राहिले. बॉस्टनच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांचे केंद्र होते डब्ल्यूआयएलडी: मध्यम लहरींवरचे, आणि परवान्यानुसार सूर्यास्ताबरोबर बंद होणारे. ज्या रात्रीच्या वेळी बीसीएनने आपले साम्राज्य उभारले, ती रात्र त्या शेजाऱ्यांच्या केंद्राला उपलब्धच नव्हती. मला तेथे आपलेपणा मिळाला हे खरे. पण ती ओसरी सर्वांसाठी सारखीच मोकळी होती असे मी कसे म्हणू?

फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेने दूरसंचार कायदा बदलला. तोवर एका कंपनीला देशभरात चाळीसच रेडिओ केंद्रे बाळगता येत. ही मर्यादा उठली. क्लिअर चॅनेल या कंपनीची केंद्रे पुढे बाराशेवर गेली. त्याच वर्षी इन्फिनिटीला वेस्टिंगहाउस-सीबीएसने विकत घेण्याचे ठरले. एप्रिलमध्ये बीसीएनच्या सकाळी न्यूयॉर्कहून हॉवर्ड स्टर्न यांचा कार्यक्रम थेट येऊ लागला आणि लॅक्विडारा दुसऱ्या केंद्रावर गेले. स्टर्न विलक्षण लोकप्रिय होते. धंद्याच्या दृष्टीने निर्णय चोख होता. पण बॉस्टनमध्ये सकाळी बर्फ पडत असेल तर ते त्या आवाजाला दिसत नव्हते. माझ्यापुरते बोलायचे तर मी ऐकणे सोडले ते त्याच वसंतात. रागाने नव्हे, सकाळी सात वाजता मला न्यूयॉर्कशी काही कर्तव्य नव्हते, इतकेच.

१४ जुलै २००९ रोजी सीबीएसने जाहीर केले की बीसीएन बंद होणार. कारण वाचण्यासारखे आहे. कंपनीला ९८.५ या स्थानी क्रीडा-चर्चेचे केंद्र काढायचे होते. तेथे आधीपासून असलेल्या संगीत-केंद्राला कोठेतरी हलवायचे होते, म्हणून १०४.१ मोकळे करायचे. म्हणजे बीसीएन क्रीडेसाठीही बंद पडले नाही. ते सामान हलवण्यासाठी बंद पडले. शेवटचे गाणे होते पिंक फ्लॉइडचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. मला ते ऐकताना फारसे काही वाटले नाही, आणि ते न वाटणेच मला खिन्न करून गेले. ज्यासाठी १९७९ मध्ये थंडीत उभे राहावे असे वाटले होते, ते १९९६ नंतर थोडे थोडे करून आधीच उचलले गेले होते. उरली होती चार अक्षरे. यावेळी गावातल्या दुकानदाराने जाहिरात काढून घेतली असती तरी त्याचा आवाज कंपनीच्या मुख्यालयापर्यंत पोहोचला नसता.

हे एकट्या बॉस्टनचे प्राक्तन नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत डोनह्यू यांचे पुढचे केंद्र केसॅन १९८० मध्येच कंट्री संगीताकडे वळले. बॉस्टनचे डब्ल्यूएफएनएक्स २०१२ मध्ये क्लिअर चॅनेलला विकले गेले. डब्ल्यूएएएफ २०२० मध्ये एका ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या जाळ्यात विलीन झाले. कोणी म्हणेल, बिघडले काय? माझी मुलगी बॉस्टनजवळच वाढली. तिच्या फोनवर जगातले सारे संगीत आहे. तिला माझ्याहून अधिक वाद्यवृंद ठाऊक आहेत, आणि कधी कधी ती मला जितेंद्र अभिषेकींचे एखादे मी न ऐकलेले ध्वनिमुद्रण पाठवते, जे तिला यंत्राने सुचवलेले असते. गरीब झाले आहे ते संगीत नव्हे. फोनला ती आवडीनिवडीसकट ठाऊक आहे, पण शेवटची गाडी धावते आहे की नाही हे विचारायला त्या यंत्रापलीकडे कोणी नाही. आणि तिने ऐकलेले गाणे त्याच क्षणी समोरच्या इमारतीतल्या अनोळखी माणसाने ऐकले असण्याची शक्यताही नाही. आवड जपली जाते, शेजार जपला जात नाही.

२०१९ मध्ये बिल लिख्टेनस्टाइन यांनी या केंद्राच्या पहिल्या वर्षांवर माहितीपट केला. लहान वयातच ते या केंद्रात काम करू लागले होते. त्या माहितीपटाची बरीचशी सामग्री कोणा कंपनीच्या दप्तरातून आलेली नाही. लोकांनी आपल्या माळ्यांवरून, तळघरांतून फिती, छायाचित्रे, पत्रके काढून दिली. कोणीतरी १९७० मध्ये रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबले होते आणि ती फीत चार घरे बदलताना टाकून दिली नव्हती. परवाना, मनोरे, कंप्रता आणि अक्षरे यांची खरेदी-विक्री एकेचाळीस वर्षे होत राहिली आणि प्रत्येक वेळी कागदपत्रे चोख झाली. केंद्रावरून काय बोलले गेले, याची नोंद मात्र ज्यांच्या नावावर त्यातले काहीच नव्हते त्यांनी ठेवली.